मराठी घर, हिंदी पुस्तक : विज्ञानाच्या परीक्षेतले फसवे शब्द

## घर, बाजार आणि पुस्तक

धूलकोट हे बऱ्हाणपूर जिल्ह्यातले, सातपुड्याच्या रांगांमधले गाव. भोवतालच्या वस्त्यांवर बारेली आणि भिलाली ऐकू येते, जिल्ह्याच्या काही भागांत कोरकू, बाजारात निमाडी. तापीच्या काठाने बऱ्हाणपूर, शाहपूर करत रावेरच्या सीमेकडे सरकावे तशी मराठी आणि खानदेशी वाढत जाते. शाळेत हातात पडणारे विज्ञानाचे पुस्तक मात्र बहुतेकांचे हिंदी. पुढे ‘नीट’ किंवा ‘जेईई’ची तयारी सुरू झाली की त्यावर इंग्रजीचा थर चढतो.

या भागातल्या मराठी घरातल्या मुलाला हिंदी बोलायला अडचण येत नाही, आणि गडबड तिथेच होते. हिंदी आपल्याला येते असे धरून तो पुस्तक वाचतो. अनोळखी शब्दापाशी तो थांबतो, विचारतो, पाठ करतो. ओळखीचा वाटणारा शब्द मात्र न थांबता ओलांडतो आणि मराठी अर्थ घेऊन पुढे जातो. विज्ञानात असे शब्द दोन-चार नाहीत, चांगले मूठभर आहेत. गुण जातात ते बहुधा यांच्यापायी. पुढचा लेख मुख्यतः त्यांच्याविषयी आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. ज्याच्या घरी बारेली किंवा कोरकू आहे, त्याला हे फसवे शब्द फसवत नाहीत. त्याला मराठी आणि हिंदी, दोन्हीकडचे शब्द सारखेच नवे. त्याचे कष्ट जास्त आहेत, पण ही एक ठेच त्याला लागत नाही.

## दोन भाषा, दोन टाकसाळी

मराठी आणि हिंदी, दोघींनी विज्ञानाचे शब्द संस्कृतातून घेतले. मग ते वेगळे का झाले? कारण ते वेगवेगळ्या ठिकाणी घडले.

एकेकाळी बऱ्हाणपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते : मध्य प्रांत आणि वऱ्हाड. तिथे हिंदी आणि मराठी शेजारी नांदत होत्या आणि १९५०च्या कायद्याने दोन्हींना राजभाषेचे स्थान मिळाले. त्याच काळात नागपुरात डॉ. रघुवीर संस्कृत धातू, उपसर्ग आणि प्रत्यय यांच्या जोडकामातून हजारो पारिभाषिक शब्द तयार करत होते. भारतीय भाषांना एकच परिभाषा असावी, हा त्यांचा आग्रह. तो सगळाच पचण्याजोगा होता असे नाही, पण तो टिकला असता तर निमाडातल्या मुलांचे काम हलके झाले असते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला, निमाड मध्य प्रदेशात राहिला. १९६० साली महाराष्ट्राने भाषा संचालनालय स्थापन केले आणि मराठी परिभाषा कोशांचे काम तिथे सुरू झाले. १९६१ साली दिल्लीत वैज्ञानिक तथा तकनीकी शब्दावली आयोग आला आणि हिंदी शब्द तिथे ठरू लागले. दोन्ही टाकसाळींनी कच्चा माल एकच वापरला, पण छाप वेगळे मारले. कधी एका अर्थाला दोन शब्द झाले, ते चालते. कधी एका शब्दाला दोन अर्थ झाले, आणि ते सीमेवरच्या मुलाला भोवते.

## अणूची गोष्ट

सर्वांत मोठा घोटाळा इथे आहे, म्हणून तो नीट पाहू.

मराठीत ‘अणू’ म्हणजे ॲटम आणि ‘रेणू’ म्हणजे मॉलिक्यूल. हिंदीत ॲटम म्हणजे ‘परमाणु’ आणि मॉलिक्यूल म्हणजे ‘अणु’. म्हणजे मराठी मुलाच्या मनात ‘अणू’ ज्या पायरीवर बसला आहे, हिंदी पुस्तक त्याच शब्दाला एक पायरी वर नेऊन बसवते. “जल के एक अणु में हाइड्रोजन के दो परमाणु होते हैं” हे वाक्य मराठीत “पाण्याच्या एका रेणूत हायड्रोजनचे दोन अणू असतात” असे होते. मराठी मुलाने हिंदी वाक्य मराठी अर्थाने वाचले, तर पाण्याचा ‘ॲटम’ तयार होतो. तशी वस्तू जगात नाही.

बालभारतीच्या आठवीच्या पुस्तकात ‘अणूचे अंतरंग’ हा पाठ आहे. त्याचा विषय एनसीईआरटीच्या हिंदी पुस्तकात ‘परमाणु की संरचना’ या नावाखाली येतो. भाभा अणुसंशोधन केंद्राची हिंदी पाटी ‘परमाणु अनुसंधान केंद्र’ अशी आहे. मराठी वर्तमानपत्रात अणुबॉम्ब, हिंदीत परमाणु बम. बंगाली आणि गुजरातीही हिंदीसारखेच चालतात. या रांगेत वेगळी वाट मराठीची आहे. वैशेषिक दर्शनात ज्याचे आणखी तुकडे होत नाहीत त्या कणाला ‘परमाणु’ म्हटले आहे. हिंदीने ते नाव ॲटमला दिले. मराठीने ‘परम’ सोडून दिले आणि त्याहून मोठ्या कणासाठी धुळीचा कण या अर्थाचा ‘रेणू’ उचलला. दोन्ही निवडींमागे तर्क आहे. चुकतो तो एकाच उत्तरात दोन्ही वापरणारा.

यातून निघणारे सगळे जोडशब्दही सरकतात. मराठी अणुअंक म्हणजे हिंदी परमाणु क्रमांक. मराठी रेणुसूत्र म्हणजे हिंदी अणुसूत्र किंवा आण्विक सूत्र. मूलद्रव्याला हिंदीत तत्त्व म्हणतात आणि संयुगाला यौगिक. ‘तत्त्व’ ऐकून मराठी कानाला नीतिशास्त्र आठवते, पण इथे सोने, गंधक, ऑक्सिजन अभिप्रेत आहेत.

## क्षाराची अदलाबदल

रसायनशास्त्रातला दुसरा खड्डा. बालभारतीच्या नववीच्या पाठाचे नाव ‘आम्ल, आम्लारी व क्षार’. एनसीईआरटीच्या दहावीच्या हिंदी पाठाचे नाव ‘अम्ल, क्षारक एवं लवण’. दोन्ही नावे एकाच तीन गोष्टींची : ॲसिड, बेस, सॉल्ट. म्हणजे मराठी आम्लारी म्हणजे हिंदी क्षारक, आणि मराठी क्षार म्हणजे हिंदी लवण.

इथवर ठीक. पण हिंदीतही ‘क्षार’ हा शब्द आहेच, आणि त्याचा अर्थ पाण्यात विरघळणारा क्षारक, म्हणजे अल्कली. मराठीत त्याला अल्क किंवा अल्कली म्हणतात. म्हणून “सोडियम हायड्रॉक्साइड क्षार है” हे हिंदीत बरोबर आणि मराठीत चूक. “मीठ हा क्षार आहे” हे मराठीत बरोबर आणि हिंदीत चूक. बहुपर्यायी प्रश्नात हा फरक थेट गुणावर येतो.

तिसरा खड्डा ऊर्ध्वपातनाचा. मराठी शालेय पुस्तकात ऊर्ध्वपातन म्हणजे डिस्टिलेशन : द्रव उकळायचा, वाफ थंड करायची, शुद्ध द्रव गोळा करायचा. हिंदी पुस्तकात ऊर्ध्वपातन म्हणजे सब्लिमेशन : कापूर किंवा आयोडीन द्रव न होता थेट वायूत जाणे. मराठीत या दुसऱ्याला संप्लवन म्हणतात, आणि पहिल्याला हिंदीत आसवन. एकच शब्द, दोन निराळ्या कृती, आणि दोन्ही पदार्थ वेगळे करण्याच्या एकाच धड्यात शेजारी शेजारी येणाऱ्या.

बाकीचे शब्द निदान वेगळे दिसतात, म्हणून कमी धोक्याचे. द्रावणाला विलयन, द्राव्याला विलेय, द्रावकाला विलायक. द्रवणांकाला गलनांक, उत्कलनांकाला क्वथनांक. संयुजेला संयोजकता. ऑक्सिडीकरणाला उपचयन आणि क्षपणाला अपचयन. या शेवटच्या जोडीला मात्र शेपूट आहे. जीवशास्त्रात उपचय आणि अपचय असे आणखी दोन शब्द हिंदीत आहेत, आणि त्यांचा अर्थ शरीरात पदार्थ घडणे आणि मोडणे. एका ‘न’ने रसायनशास्त्रातून जीवशास्त्रात उडी पडते. मराठीत याच जोडीला चय आणि अपचय म्हणतात आणि दोन्ही मिळून चयापचय, हिंदीत उपापचय.

## भौतिकशास्त्र : थोडे सोपे, मध्येच निसरडे

या विषयात बऱ्याच जागी दोन्ही भाषा एकत्र आहेत. वेग, चाल, त्वरण, बल, कार्य, ऊर्जा, संवेग, विभवांतर, परावर्तन, अपवर्तन हे शब्द दोन्हीकडे तेच. स्थितिज आणि गतिज ऊर्जाही तीच. अपवर्तनाला जुन्या मराठी पुस्तकांत वक्रीभवन म्हणत. आजोबांच्या तोंडी तो शब्द आला तर गोंधळू नये.

वेगळे पण निरुपद्रवी असे : वस्तुमान म्हणजे द्रव्यमान, आकारमान म्हणजे आयतन, घनता म्हणजे घनत्व, रोध म्हणजे प्रतिरोध, प्रभार म्हणजे आवेश, तरंगलांबी म्हणजे तरंगदैर्घ्य, भिंग म्हणजे लेंस. बहिर्वक्र म्हणजे उत्तल आणि अंतर्वक्र म्हणजे अवतल.

निसरडे ते पुढे. हिंदीत ‘भार’ म्हणजे वजन. ते बल आहे, न्यूटनमध्ये मोजायचे. हिंदीत ‘ताप’ म्हणजे तापमान, आणि मराठी घरात ताप आला की पॅरासिटामॉल शोधतात. ‘आवृत्ति’ म्हणजे वारंवारता, हर्ट्झमध्ये मोजायची. मराठीत आवृत्ती पुस्तकाची निघते.

सर्वांत वाईट शब्द ‘विकिरण’. आकाश निळे का दिसते, हा प्रश्न दोन्हीकडे आवडता. मराठी उत्तर : हवेतल्या सूक्ष्म कणांमुळे प्रकाशाचे विकिरण होते आणि निळा रंग जास्त विखुरतो. हिंदीत यालाच प्रकीर्णन म्हणतात. हिंदी उत्तरपत्रिकेत कुणी ‘विकिरण’ लिहिले, तर तपासणारा रेडिएशन असे वाचतो, कारण हिंदीत विकिरण म्हणजे तेच. रेडिएशनला मराठीत प्रारण म्हणतात. मुलाला भौतिकशास्त्र पुरेपूर समजलेले असते आणि उत्तर चुकीचे ठरते.

उष्णता एका ठिकाणाहून दुसरीकडे जाण्याच्या तीन रीती मराठीत वहन, अभिसरण आणि प्रारण. हिंदीत चालन, संवहन आणि विकिरण. यात ‘वहन’ आणि ‘संवहन’ एकमेकांचे भाऊ दिसतात, पण ते वेगवेगळ्या रीतींची नावे आहेत. वीज वाहून नेणाऱ्या तांब्याला मराठीत वाहक किंवा सुवाहक म्हणतात, हिंदीत चालक. महाराष्ट्राच्या एसटीत चालक गाडी हाकतो आणि वाहक तिकीट फाडतो. रावेरला एसटीने जाणाऱ्या मुलाने एवढे लक्षात ठेवले तरी पुरे : हिंदी पुस्तकात ड्रायव्हरच्या सीटवर तांब्याची तार बसलेली असते.

## जीवशास्त्र : पेशी कुणाची?

मराठीत पेशी म्हणजे सेल. हिंदीत सेल म्हणजे कोशिका, आणि पेशी म्हणजे स्नायू, मसल. हृदयाचे स्नायू हिंदीत ‘हृदय पेशी’ होतात. मराठी मुलगा त्याचा अर्थ ‘हृदयाची एक पेशी’ असा लावतो आणि प्रश्नाचे रूपच बदलून जाते. तेवढ्यावर भागत नाही. हिंदीतही ‘स्नायु’ आहेच, पण पुस्तकात तो लिगामेंटसाठी येतो, म्हणजे मराठीतले अस्थिबंध. हाडे आणि हालचाली या पाठात हे तिन्ही शब्द एकाच पानावर भेटू शकतात. ते पान मराठी मुलाने दोनदा वाचावे, आकृतीसकट.

चेता म्हणजे तंत्रिका, चेतापेशी म्हणजे तंत्रिका कोशिका, ऊती म्हणजे ऊतक, परिसंस्था म्हणजे पारितंत्र, विघटक म्हणजे अपघटक. रोहिणी आणि नीला या रक्तवाहिन्या हिंदीत धमनी आणि शिरा होतात. प्रथिने, कर्बोदके, जीवनसत्त्वे, विकरे, संप्रेरके यांच्या जागी हिंदी पुस्तक सरळ प्रोटीन, कार्बोहाइड्रेट, विटामिन, एंजाइम, हॉर्मोन लिहिते. इथे मराठीने जास्त मेहनत घेतली आहे आणि परीक्षार्थ्याला हिंदी सोपी पडते, हे मान्य करायला हवे.

आणखी एक लपलेला शब्द : फलन. मराठीत फलन म्हणजे नर आणि मादी युग्मकांचा संयोग. हिंदीत त्याला निषेचन म्हणतात. हिंदीतले ‘फलन’ गणितात राहते. बारावीच्या गणिताचा पहिलाच पाठ ‘संबंध एवं फलन’ आहे आणि तिथे फलन म्हणजे फंक्शन.

शब्द रुजवायचे तर जवळच्या गोष्टींवर टांगावेत. बऱ्हाणपूरची केळी सगळ्यांच्या पाहण्यातली. शेतकरी ज्यांना ‘टिश्यूची रोपं’ म्हणतात, ती मराठी पुस्तकात ऊतिसंवर्धनाने तयार झालेली असतात आणि हिंदीत ऊतक संवर्धनाने. ‘टिश्यू’ हा इंग्रजीचा तिसरा स्तंभ शेतकऱ्यांनीच भरून ठेवला आहे.

दुसरे उदाहरण सिकल सेलचे. आदिवासी भागांत या आजाराच्या तपासण्या होतात. १ जुलै २०२३ रोजी त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम मध्य प्रदेशातल्या शहडोलमधूनच सुरू झाली. मराठी पुस्तकात याचे नाव दात्रपेशी पांडुरोग, हिंदीत दात्र कोशिका अरक्तता. दात्र म्हणजे विळा. तांबड्या पेशीचा आकार विळ्यासारखा होतो म्हणून. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, हा बारावीचा ठरलेला प्रश्न. ही माहिती कुठल्याही भाषेत तशीच राहते आणि आजाराचे नाव विसरले तरी उत्तर ओळखू येते.

## कुंडी भंडाऱ्यावर भूगोल

बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा १६१५ सालचा. सातपुड्याच्या टेकड्यांवरून झिरपलेले पाणी जमिनीखाली अडवून, शंभरावर कुंड्या बोगद्याने जोडून, केवळ उताराच्या जोरावर ते शहरात आणले होते. भूजलाचा धडा शिकवायला याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही.

इथे भूजल दोन्ही भाषांत तेच. पाणी साठवणारा खडकाचा थर मराठीत जलधर, हिंदीत जलभृत. पाणलोट क्षेत्राला हिंदीत जलग्रहण क्षेत्र म्हणतात. तापी ज्या खचदरीतून वाहते, तिला हिंदी पुस्तक भ्रंश घाटी म्हणते. इथे ‘घाटी’ म्हणजे दरी. मराठी ‘घाट’ मात्र डोंगर चढतो. रेखांश हिंदीत देशांतर होतो, कर्कवृत्त कर्क रेखा. नकाशावर अवकाशातून घेतलेले चित्र असेल तर हिंदीत ते अंतरिक्षातून घेतलेले असते, कारण हिंदी ‘अवकाश’ म्हणजे सुट्टी.

## गणित : पटकन

चिन्हे सारखी असल्यामुळे इथे भाषेचा त्रास कमी. तरी त्रिकोणाला त्रिभुज, चौकोनाला चतुर्भुज, वर्तुळाला वृत्त, अपूर्णांकाला भिन्न, छेदाला हर, गुणोत्तराला अनुपात, संभाव्यतेला प्रायिकता, एकरूप त्रिकोणांना सर्वांगसम. अंकगणिती श्रेढी हिंदीत समांतर श्रेढ़ी होते, आणि मराठी मुलाला ‘समांतर’ ऐकून रेषा आठवतात. लसावि आणि मसावि ही छान मराठी आद्याक्षरे हिंदी पेपरात ल.स. आणि म.स. होतात. त्रिज्या, व्यास, कर्ण, जीवा, पूर्णांक, परिमेय, बहुलक या शब्दांना हात लावायची गरज नाही.

## प्रश्न काय विचारतो आहे?

विषयाचे शब्द एका बाजूला. प्रश्नाची भाषा दुसऱ्या. या दुसऱ्या भागाकडे शिकवणी वर्गही फारसे पाहत नाहीत.

मराठी प्रश्नपत्रिकेत ‘व्याख्या लिहा’ म्हणजे एका-दोन वाक्यांत नेमके काय ते सांगा. हिंदी प्रश्नपत्रिकेत ‘व्याख्या कीजिए’ म्हणजे विस्ताराने समजावून द्या. व्याख्येला हिंदीत परिभाषा म्हणतात. त्यामुळे ‘व्याख्या कीजिए’ या चार-पाच गुणांच्या प्रश्नाला मराठी मुलगा दोन ओळी लिहून मोकळा होतो, आणि ‘परिभाषा लिखिए’ पाहून संज्ञांची यादी लिहायची की काय, अशा विचारात पडतो. गुणांचा आकडा पाहून उत्तराची लांबी ठरवण्याची सवय लावली तर यातले बरेच टळते.

बाकी सूचनांचे मराठी भाऊ असे :

- सही जोड़ी बनाइए : जोड्या लावा
- रिक्त स्थानों की पूर्ति कीजिए : रिकाम्या जागा भरा
- अंतर स्पष्ट कीजिए : फरक स्पष्ट करा
- नामांकित चित्र बनाइए : नावे दिलेली आकृती काढा
- कथन सत्य है या असत्य : विधान चूक की बरोबर
- अभिकथन और कारण : विधान आणि कारण

शेवटच्या प्रकारात दोन गोष्टी तपासायच्या असतात : दोन्ही विधाने खरी आहेत का, आणि दुसरे पहिल्याचे कारण आहे का. पहिली तपासून थांबणारे खूप.

प्रश्नातला ‘नहीं’ हाही एक शब्दच आहे. ‘निम्नलिखित में से कौन-सा कथन सही नहीं है’ यात ‘नहीं’ खाली रेघ मारून ठेवावी. धड्याखालच्या ‘अभ्यास’ला मराठीत स्वाध्याय म्हणतात. ‘संशोधन’ म्हणजे हिंदीत दुरुस्ती. रिसर्चला तिथे अनुसंधान किंवा शोध म्हणतात. सामान्य ज्ञानाच्या पेपरात ‘संविधान संशोधन’ दिसले की घटनादुरुस्ती समजावी.

## शब्दाचे सांधे

हे सगळे पाठ करायचे म्हटले तर जीव दमेल. संस्कृत शब्द सांध्यांतून उघडता येतो, आणि सांधे दोन्ही भाषांत एकच आहेत.

‘परा’ म्हणजे उलट, मागे : परावर्तन, प्रकाश मागे फिरतो. ‘अप’ म्हणजे दूर, बाजूला : अपवर्तन, प्रकाश वाटेवरून ढळतो, अपसारी, एकमेकांपासून दूर जाणारे किरण. ‘अभि’ म्हणजे कडे : अभिसारी, एका बिंदूकडे येणारे. ‘सम्’ म्हणजे एकत्र : संयुग, संघनन, संश्लेषण. ‘वि’ बहुधा फोडतो : विघटन, विश्लेषण. हिंदीतला उत्तल हा शब्द पहिल्यांदा पाहिला तरी ‘उत्’ म्हणजे वर आणि ‘तल’ म्हणजे पृष्ठ, एवढे कळले की फुगीर भिंग डोळ्यांपुढे येते. ‘अव’ म्हणजे खाली, म्हणून अवतल खोलगट.

शब्दाची शेपटीही बोलते. ‘अंक’ असला की काहीतरी मोजलेले आहे : क्वथनांक, अपवर्तनांक. ‘मापी’ असला की उपकरण. ‘ता’ किंवा ‘त्व’ असला की गुणधर्म : जडत्व, घनत्व, रोधकता. मराठी ‘भवन’ आणि हिंदी ‘करण’ यांची अदलाबदल होते : बाष्पीभवन म्हणजे वाष्पीकरण.

सांध्यांनीही प्रत्येक कुलूप उघडत नाही. विकिरण आणि प्रकीर्णन, दोन्हींत ‘विखुरणे’ हाच धातू आहे. कोणता कुठल्या घटनेला द्यायचा, हे माणसांनी ठरवले. अशा ठिकाणी एकक आणि चिन्ह हाच आधार. हिंदी ‘भार’ न्यूटनमध्ये आहे आणि द्रव्यमान किलोग्रॅममध्ये, हे पाहणाऱ्याला शब्द फसवू शकत नाही.

## तिसरा स्तंभ इंग्रजीचा

‘नीट’ तेरा भाषांत होते आणि त्यांत मराठी आहे. पण इंग्रजी आणि हिंदी प्रश्नपत्रिका देशभरातल्या केंद्रांवर मिळतात, तर मराठी फक्त महाराष्ट्रातल्या केंद्रांवर. बऱ्हाणपूर किंवा खंडव्याचे केंद्र निवडणाऱ्या मराठी मुलाला मराठीचा पर्याय राहत नाही. मराठी प्रश्नपत्रिका हवी असेल तर भाषा आणि केंद्र यांचा विचार अर्ज भरतानाच करायला हवा, आणि त्या वर्षीचे माहितीपत्रक स्वतः वाचून.

प्रादेशिक भाषेच्या पुस्तिकेत प्रत्येक प्रश्न इंग्रजीतही छापलेला असतो, आणि भाषांतरात संदिग्धता निघाली तर इंग्रजी पाठ अंतिम मानतात. म्हणून हिंदीतून किंवा मराठीतून परीक्षा देणाऱ्यालाही इंग्रजी संज्ञा ओळखता यायला हव्यात. लिहिता नाही आल्या तरी चालेल, ओळखता याव्यात. शब्द अडला की डोळा पलीकडच्या स्तंभाकडे गेला पाहिजे. २०२५ पासून १८० प्रश्नांना १८० मिनिटे आहेत आणि चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होतो, तेव्हा ही नजर सवयीची असलेली बरी.

पुढेही हेच आहे. १६ ऑक्टोबर २०२२ रोजी भोपाळमध्ये वैद्यकीय पहिल्या वर्षाची हिंदी पुस्तके प्रकाशित झाली : शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन या विषयांची. त्यांत वाक्ये हिंदी आहेत, पण संज्ञा पुष्कळशा इंग्रजीच, देवनागरीत लिहिलेल्या. शुद्धतावाद्यांना ते आवडले नाही. विद्यार्थ्याच्या बाजूने पाहता मला ते शहाणपणाचे वाटते.

## वही कशी ठेवावी

तीन रकाने : मराठी, हिंदी, इंग्रजी उच्चार देवनागरीत. चौथा अरुंद रकाना चिन्ह किंवा एककासाठी. शब्द अकारविल्हे लिहू नयेत, धड्याप्रमाणे लिहावेत, कारण प्रश्न धड्यातून येतात. फसव्या शब्दांपुढे लाल खूण : अणू, क्षार, ऊर्ध्वपातन, विकिरण, चालक, भार, ताप, पेशी, स्नायू, फलन, व्याख्या. या अकरा शब्दांसाठी प्रत्येकी एक हिंदी वाक्य स्वतः बनवून लिहावे. नुसता अर्थ लिहिलेला शब्द परीक्षेत हुलकावणी देतो, वाक्यात बसवलेला आठवतो.

साहित्य फुकट मिळते. एनसीईआरटीची हिंदी पुस्तके आणि बालभारतीची मराठी पुस्तके, दोन्ही संस्थांच्या संकेतस्थळांवर उतरवून घेता येतात. एकाच विषयाचे दोन धडे शेजारी ठेवून आकृत्यांची नावे जुळवावीत; डोळ्याची किंवा हृदयाची आकृती घेतली की एका बैठकीत बरेच शब्द जोडीने हाती लागतात. मराठी संज्ञेचा अर्थ पाहायचा तर मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे, भाषा संचालनालयाचे परिभाषा कोशही आहेत, आणि हिंदीसाठी शब्दावली आयोगाचे कोश.

एका बाबतीत सावध राहावे. मोबाइलवरचे भाषांतर नेमके या फसव्या शब्दांपाशी घसरू शकते, कारण दोन्ही भाषांत शब्द तसाच लिहिला जातो. हिंदी ‘अणु’चे मराठी ‘अणू’ असे उत्तर आले, तर त्यावर विश्वास ठेवू नये. दोन्ही पुस्तकांतली पाण्याच्या रेणूची आकृती उघडून तिच्याखाली काय छापले आहे ते पाहावे.